संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

हल्ली येरमाळ्याच्या पुढं हायवेला लागलं की दोन्ही अंगाला मंगल कार्यालयंच मंगल कार्यालयं. कालपर्यंत जिथं म्हशींचा गोठा होता, कांद्याची चाळ होती, तिथं आज झालरी सोडून ‘लॉन्स’ अशी पाटी लावलेली. पत्रा तोच, भिंत तीच, दारही तेच. आत फक्त झुंबर टांगलेलं. अशा ठिकाणी लग्नाला गेले की मी पाऊल आत टाकायच्या आधी तिथल्या माणसाला गाठते आणि विचारते, "काय रे बाबा, मागं दार हाय का? उघडतंय का? कुणीकडं उघडतंय?" तो माणूस बघतच राहतो. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं होतं. होऊ दे. हा रोग मला एका माणसानं लावलाय आणि आता या वयात तो जायचा नाही.

तो माणूस म्हणजे आमचे ओव्हरसियर साहेब. कळंबच्या पंचायत समितीत बांधकाम शाखेला मी नवीनच क्लार्क म्हणून लागले होते. आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी, त्यामुळं मी सगळ्यांनाच भिऊन असायची. त्यातच हे साहेब बदलून आले. अंगानं काटकुळे, मान लांब, डोळे मोठे आणि सारखे भिंतीवरून फिरणारे. पायात कायम मागून पट्टा लावायची सँडल. "चपला पळताना निघतात," असं म्हणायचे. कुठं पळायचंय, कशासाठी पळायचंय, हे विचारायची आमची छाती नव्हती.

आल्या दिवशीच त्यांनी आतल्या खोलीतलं, पंख्याखालचं आपलं टेबल ओढत बाहेर आणलं आणि दाराशी, शिपायाच्या स्टुलाच्या जागी मांडलं. शिपायाला म्हणाले, "तुम्ही आत बसा." त्यामुळं झालं असं की कामाला आलेली खेड्यातली माणसं दारातल्या साहेबांना म्हणायची, "सरक जरा," आणि आत पंख्याखाली बसलेल्या शिपायाला वाकून नमस्कार करायची. शिपायाला ते आवडत होतं. साहेबांना त्याची काहीच फिकीर नव्हती. दार जवळ आहे ना, मग झालं.

ते राहायला होते एका म्हातारीच्या घरात, भाड्यानं. म्हातारी आमच्या ऑफिसात येऊन गाऱ्हाणं घालायची, "आवो, भाडं देतंय खोलीचं आन् निजतंय अंगणात. थंडीचं बी अंगणातच. लोक मला म्हंत्यात, खोलीत भूत हाय का तुज्या?" तंबूतला सिनेमा आला की साहेब तिकीट काढून जायचे, पण कनातीच्या फटीपाशी उभे राहायचे आणि अर्धा सिनेमा बाहेरून, अर्धा आतून बघायचे. लग्नाला गेले तर मांडवाच्या कडेला. शाळेच्या गॅदरिंगला गेले तर फाटकात. आम्ही पोरी त्यांना मागं ‘उंबरा साहेब’ म्हणायचो, कारण ते कायम उंबऱ्यावरच.

एकदा त्यांच्याबरोबर मला येरमाळ्याकडं मोजमापाला जायचं होतं. लाल एसटी, खच्चून भरलेली. साहेब माणसं तुडवत मागं गेले आणि ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेल्या खिडकीचा दांडा ओढून बघायला लागले. दांडा गंजून घट्ट बसलेला. साहेबांनी कंडक्टरला हाक मारली.

"मास्तर, हे उघडत नाही."

"संकट आल्यावर उघडतंय साहेब ते."

"कशावरून?"

"वर लिवलंय की."

गाडीत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. साहेब उतरले. साहेब उतरले म्हणून टेपाची पिशवी घेऊन मीही उतरले. भर उन्हाची वेळ, आजूबाजूला काळी पडलेली रानं, कुठं हिरवं पान नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती त्या सालातली ही गोष्ट. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया आमच्याकडं बघून हसत होत्या. मला संताप आला होता. या माणसापायी खामखा उन्हात मरायचं!

चालता चालता मी विचारलं, "साहेब, तुमच्या घरात काही झालं होतं का? आग वगैरे?"

"नाही," ते म्हणाले. "चुलीतली सोडली तर मी एकही आग बघितलेली नाही. सगळे हेच विचारतात. काही झालेलं नाही, बाई. लहानपणी आईच्या मांडीवर बसून कीर्तन ऐकायचो तेव्हा सगळे देवाकडं बघायचे आणि मी दाराकडं. मला दिसतं. बसल्या जागी दिसतं."

"काय दिसतं?"

सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी सांगितलं, अगदी हळू, रस्त्याकडं बघत. "धूर आधी वर जातो. पत्र्याला टेकतो. तिथं मावेनासा झाला की खाली उतरायला लागतो. माणसं वर बघत उभी राहतात. कुणी जागचं हलत नाही, कारण शेजारचा हलत नाही. मग एकजण पळतो. मग सगळे एकाच दाराला. लोकांना वाटतं आग मारते. आग फार नंतर येते, बाई." त्या रात्री मी घरी जाऊन पत्र्याकडं बघत पडले. आमच्या घराला एकच दार होतं. त्याआधी ते मला कधी दिसलंच नव्हतं.

आता मूळ गोष्टीवर येते. माझं लग्न ठरलं. मुलगा मुरुमकडचा, मास्तर, चांगला. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, एकच घोर पडला, लग्न लावायचं कुठं? वस्तीत जागा नाही. मांडव घालावा तर वर टाकायला डहाळी मिळत नव्हती, नुसत्या कापडाखाली त्या उन्हात माणूस भाजून निघालं असतं. त्या दिवसांत गावातल्या बड्या घरांची लग्नं सोसायटीच्या गोदामात लागायला लागली होती. पीकच नाही तर गोदामात ठेवणार काय? अर्ध्या भागात सरकारी चारा डेपोचा कडबा रचलेला आणि अर्धा भाग मोकळा, सावलीचा, फरशीचा. दोन उन्हाळे गावानं तिथं लग्नं लावली. आमच्या वस्तीतलं मात्र एकही नाही. कुणी नाही म्हणत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

दादांनी विचारलं. दादा शाळेत शिपाई, पण आमचा जमिनीचा तुकडा होता आणि त्यावर ते सोसायटीचे सभासद होते. भर सभेत उठून म्हणाले, "सभासद म्या बी हाय. माज्या पोरीचं लगीन गोदामात लावायचंय." चेअरमन गोड बोलणारा माणूस, बोटात अंगठ्या, तोंडात सुपारी. तो म्हणाला, "आवं, घ्या की. आपलंच हाय." पण म्हणताना तो इकडंतिकडं बघत होता. कुणीतरी आपल्याला या बोलण्यातून सोडवावं असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सोडवलं कुणी? तर आमच्या साहेबांनी. गोदाम सरकारी पैशातून बांधलेलं. त्याचा वापर बदलायचा तर बांधकाम शाखेची परवानगी लागायची. आजवर कुणी घेतली नव्हती, कुणी मागितली नव्हती. साहेब पाहणीला आले, गोदामाच्या उंबऱ्यावर उभे राहिले, आत मान घालून बघितलं, आणि पांढरेफटक पडले.

"इथं लग्न लावता येणार नाही."

"का वो साहेब?" चेअरमननं विचारलं.

"दार एकच आहे. मागचं दार कडब्यानं बुजलंय. आणि हे दार आत उघडतं. जिथं माणसं जमतात तिथं दार बाहेर उघडलं पाहिजे, असा नियम आहे. हे गोदाम पोत्यांसाठी आहे. पोत्यांना एक दार पुरतं. पोती पळत नाहीत."

दाराची गोष्ट अशी होती की बांधताना ते बाहेरच उघडणार होतं. चेअरमननंच मिस्त्रीला सांगून फिरवून घेतलं होतं. दार बाहेर उघडलं की लक्ष्मी बाहेर जाते, अशी आमच्याकडं समजूत. घराचं असो, दुकानाचं असो, दार आत उघडायचं, म्हणजे ती आत येते. त्या दाराला हळदीकुंकू लावून, नारळ फोडून मग गोदाम चालू केलेलं. "त्ये दार आता फिरवायचं न्हाय," चेअरमन म्हणाला, "गावाची लक्ष्मी हाय." आणि मग दादांकडं वळून, सुटका झाल्यासारखा मोठा श्वास सोडून म्हणाला, "बघा, आमी कुटं न्हाय म्हंतो? साहेबच न्हाय म्हंत्यात. सरकारी नियम."

दादा तिथून निघाले. घरी आले, डोक्याची टोपी काढून खुंटीला लावली, आणि तिच्याकडंच बघत बसले. मला त्यांची भीती वाटली. रागावलेले दादा मी बघितले होते, हे निराळं होतं. मुरुमच्या पाहुण्यांना सांगून झालं होतं की लग्न सोसायटीच्या गोदामात आहे. आता त्यांना काय सांगायचं? गोदाम मिळालं नाही म्हटलं की का मिळालं नाही हे कुणी विचारणार नव्हतं. सगळ्यांना आपोआप कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिले. नवी नोकरी आणि समोर साहेब. पण तोंड उघडलं.

"साहेब, दोन उन्हाळे तिथं लग्नं लागली. तेव्हा कुणाला दार दिसलं नाही. आमचं लग्न आलं आणि दार दिसलं?"

"तेव्हा मी नव्हतो, बाई."

"लोक काय म्हणतील ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मी ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. साहेबांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "मी तुमच्या लग्नाला नाही म्हणत नाही. त्या दाराला नाही म्हणतोय. लोक मला वाटेल ते म्हणू देत. तुम्ही आत आणि ते दार बंद, हे मला सहन व्हायचं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या लग्नासाठी भरले होते की दारासाठी, देव जाणे. शेवटी म्हणाले, "पंच मंडळींना गोदामावर बोलवा. मी पुन्हा येतो. काहीतरी काढू."

पंच जमले. चेअरमन, कमिटीची माणसं, झाडून सगळे. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा गोदामाच्या आत आले, कारण मागचं बुजलेलं दार दाखवायचं होतं. टेप धरायला मी होते. दादा बाहेर थांबले होते, त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं. आम्ही कडब्याच्या गंजीपाशी पोचलो आणि बाहेर उन्हाळी वारं सुटलं. दाराच्या दोन्ही लोखंडी फाळक्या धाडकन लागल्या. आत काळोख. वरच्या झरोक्यांसमोर कडबा रचलेला, त्यामुळं उजेडाची तिरीपही नाही. कडब्याचा वास एकदम नाकात भरला.

"आरं, दिसंना की काय," असं म्हणत चेअरमननं खिशातली काडेपेटी काढली आणि काडी ओढली. कडब्याला लागून. एवढीशी ज्योत, आणि तिच्यात मला साहेबांचा चेहरा दिसला.

"आग! आग!"

तसा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. तो ओरडणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला आग दिसत होती. चेअरमनच्या हातातली काडी पडली, विझली, पण ते बघायला थांबलं कोण? सगळे दाराकडं. मीही. साहेब सगळ्यात पुढं. दाराशी पोचलो आणि पुढच्यांनी फाळक्यांना हात लावायच्या आत मागचे येऊन आदळले. दार आत ओढायचं होतं आणि आम्ही सगळे त्याला बाहेर रेटत होतो. कुणाचं तरी कोपर माझ्या गळ्यावर. तोंडासमोर लोखंड, उन्हानं तापलेलं. मला श्वास घेता येईना. साहेब फाळकीला चिकटून ओरडत होते, "मागं सरा! मागं सरा!" एकजणसुद्धा मागं सरला नाही. चेअरमन माझ्या मागं आईला हाका मारत होता, स्वतःच्या आईला. मला वाटलं, संपलं. हळद लागायच्या आधीच संपलं सगळं. आणि सांगते, त्या वेळी मनात ना लग्न आलं, ना जात, ना दादा. फक्त ते दार.

बाहेरून दादा दार ढकलत होते. माझा आवाज त्यांना ऐकू येत होता आणि दार आमच्याच वजनानं हलत नव्हतं. मागं कुणीतरी अडखळून पडलं, त्याच्यावर आणखी एक पडला, तशी दाराशी जरा ढिलाई झाली आणि फाळकी वीतभर आत आली. दादांनी तिच्यात पाय घातला. पायाचं सालटं निघालं, पण त्यांनी पाय काढला नाही. एकेक करून आम्ही त्या फटीतून बाहेर आलो.

बाहेर धुळीत सगळे बसलेले. चेअरमनचं धोतर सुटलेलं, अंगठ्यांचा हात ओठाला लागून ओठ फाटलेला. कुणीतरी आत बघून आलं आणि म्हणालं, "आग न्हाय वो. कायबी न्हाय."

साहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या गालावर फाळकीचा लाल वळ उठला होता. "आग नव्हती," ते म्हणाले, "तरी."  पुढचं बोलायची गरजच नव्हती.

चेअरमननं ओठाचं रक्त पुसलं. मग म्हणाला, "काढा ती दारं."

"आन् लक्ष्मी?" दादांनी विचारलं. चिडवण्यासाठी नव्हे, सरळच विचारलं.

"दारच न्हाय म्हनल्यावर तिला काय आत आन् काय भाईर? काढा म्हन्तो ना!" आणि थोड्या वेळानं, माणूस जरा भानावर आल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गावच्या लेकीचं लगीन हाय. तिच्यासाठी काढतोय."

अशी दारं निघाली. मागचं दार मोकळं करायला आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांनी कडब्याच्या पेंढ्या डोक्यावरून वाहिल्या आणि उरलेली गंज ताडपत्रीनं झाकली. साहेब रोज येऊन उंबऱ्यावरून बघून जायचे. मेणबत्त्या किती लावणार, कुठं लावणार, चूल किती लांब, हे विचारून विचारून त्यांनी आईला बेजार केलं. आई म्हणाली, "ह्यो मानूस लगीन लावतोय का दहावं?" पण तिनंही चूल वाऱ्याची दिशा बघून लांब मांडली. भीती आम्हा सगळ्यांनाच लागली होती. 

लग्नाचा दिवस उजाडला. मी पांढरी साडी नेसून आत आले. दोन्हीकडून उजेड, दोन्हीकडून वारं. समोर मूर्ती, पांढरं कापड, मेणबत्त्या. वंदना झाली, हार घातले, फुलं पडली. मुरुमची मंडळी खूश होती. पंगत बसायला लागली. गावातले पंचही बसले, चेअरमन बसला. आमच्या घरचं जेवण, आमच्या पंगतीला, फाटलेल्या ओठानं का होईना, पण बसला. गावात हे पहिल्यांदाच घडत होतं.

आणि साहेब बाहेर उभे. दाराच्या चौकटीपासून चार हात लांब, उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून. बोलावलं तर म्हणायचे, "इथं बरंय." पाणी दिलं, ते पितानाही डोळे पत्र्यावर. मला कळत होतं. त्या दाराशी तो चेहरा चिरडल्यापासून त्या माणसानं आत पाय टाकला नव्हता. पण बाकीच्यांना काय कळणार? मुलाचे मामा मोठ्यानं म्हणाले, "तुमचा साहेब आत येईना जनू. आमचं अन्न चालत नसंल."  चेअरमननं खाली बघितलं. सबंध दिवस उजळून निघालेलं दादांचं तोंड एका क्षणात विझलं.

दादा बाहेर गेले. मी नवरी, मला उठता येईना, पण दारं नव्हती, त्यामुळं शब्द न् शब्द आत ऐकू आला.

"साहेब, तुमी म्हनलात म्हनून दारं काढली. कडबा हलवला. चूल लांब नेली. तुमी जे जे काढा म्हनलात ते समदं काढलं. आता एवढंच सांगा, तुमी आत यायला आमी आनखी काय काढावं?"

 लोक काय म्हणतील हे मी साहेबांना ऑफिसात सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. आता ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी खाली वाकून सँडलचे पट्टे सोडले.  सँडल बाहेर ठेवून अनवाणी आत आले.

दाराशी जागा होती. कडेला जागा होती. साहेब पंगतीच्या मधून चालत गेले आणि थेट मध्यावर, दोन्ही दारांपासून सारख्याच लांब, कडब्याच्या समोर जाऊन बसले. पत्रावळ मांडली. भात वाढला, वरण वाढलं, लापशी वाढली. त्यांनी पहिला घास घेतला. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. घास तोंडात जाईपर्यंत अर्धं वरण सांडत होतं. मामांना वाटलं असेल, वाताचा झटका असेल. मला माहीत होतं तो माणूस कुठं बसलाय.

आणि नेमकी तेव्हाच वावटळ आली. आधी धूळ घुसली, एकदम अंधारलं. मग पत्र्याचं एक पान वर उचललं गेलं आणि धाडकन खाली आपटलं, सबंध गोदाम दणाणलं. मेणबत्ती आडवी पडली, पांढऱ्या कापडाला काळा डाग पडला, कुणीतरी पटकन चिमटीत ज्योत विझवली. "आरं आरं!" करत सगळी पंगत उठली. चेअरमन भरल्या पानावरून उठून दाराकडं धावला. मीही उभी राहिले, नवऱ्याचा हात धरून. मला फक्त दार दिसत होतं.

धूळ खाली बसली तेव्हा बघते तर साहेब बसलेलेच. दोन्ही हातांनी पत्रावळ धरून ठेवलेली. डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले, ओठ निळे पडलेले. सगळे उठले आणि उठला नव्हता तो एकटाच. दादा वाढायचं भांडं खाली ठेवून धावत त्यांच्यापाशी गेले. त्यांनी साहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. अंगाचा तो थरकाप हाताला लागला, तेव्हा दादांना सगळं कळलं.

"उठा साहेब," दादा म्हणाले, "चला, भाईर लिंबाखाली बसू. म्या पान तिकडं आनतो. कुनी कायबी म्हनत न्हाय."

साहेबांनी डोळे उघडले नाहीत. "संपवून उठतो," म्हणाले.

आणि जेवले. डोळे मिटून, चाचपडत, एकेक घास. आजूबाजूचे लोक हळूहळू पुन्हा पानावर येऊन बसले. दादांनी पंगत वाढायचं काम दुसऱ्यांवर सोपवलं आणि साहेबांचं पान रिकामं होईपर्यंत ते त्यांच्या पाठीला हात लावून तिथंच बसून राहिले.